लालपरीचा केक करायचाय, तोही चिपळुणात, ऐन पावसाळ्यात: मदत हवी

घाटवळण
नमस्कार मंडळी. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत आणि ३० जूनला निवृत्त होताहेत. शेवटची ड्युटी चिपळूण–कराड, कुंभार्ली घाटातून. आगारातली मंडळी गाडी हारांनी सजवणार आहेत, शाल-श्रीफळ होईल, आणि संध्याकाळी आमच्या घरी चाळीसेक माणसं जेवायला असतील.

मला त्या दिवशी त्यांच्या गाडीचा केक करायचाय. चौकोनी केकवर छापील फोटो नकोय. चार चाकांवर उभी, टप असलेली, पुढे पाटी लावलेली लालपरी हवीय. क्रीमचे वाढदिवसाचे केक मी ऑर्डरवर करते, पण आकार कोरून केक कधी उभा केला नाही. घरी २८ लिटरचा ओटीजी (छोटा ओव्हन) आहे, एसी नाही, आणि जूनअखेरीला आमच्याकडे पापडसुद्धा डब्यात मऊ पडतात.

आजी आणि दोन काका अंडं खात नाहीत, म्हणून केक बिनअंड्याचा. बाबा फाँडंटचा (केकवरच्या लाटलेल्या साखरेच्या आवरणाचा) तुकडा नेहमी ताटात बाजूला काढून ठेवतात, तेव्हा चवीला चांगला हवा हे सगळ्यात आधी. कोरायला कुठला केक घ्यावा, इतका लाल रंग कसा आणावा, आणि पावसात हे सगळं टिकेल का, एवढं सांगा.

क्रीमवाली_माई
किती छान कल्पना! फाँडंटच्या वाटेला जाऊच नका. व्हीप क्रीमने गाडी झाकायची आणि वरून लाल ग्लेज. चवही छान लागते.

मैद्याची_चाळणी
माई, चवीबद्दल पूर्ण सहमत, पण इथे क्रीम चालणार नाही. बसचा आकार म्हणजे सरळ भिंती आणि धारदार कडा. व्हीप क्रीम जूनच्या दमट हवेत, एसीशिवाय, चार तास काटकोनात उभं राहत नाही. शिवाय क्रीमवर खिडक्या, पट्टा, पाटी काहीही चिकटवलं की घसरतं.

घाटवळण ताई, कोरायचा केक घट्ट हवा. हलका स्पंज सुरी लावताच भुगा होतो. बिनअंड्यात कंडेन्स्ड मिल्कचा केक सगळ्यात भरवशाचा: ४०० ग्रॅमचा एक डबा, २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, आणि लागेल तसं दूध, साधारण एक कप. चॉकलेट हवा असेल तर तीनेक मोठे चमचे मैदा कमी करून तेवढाच कोको. भाजून पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी गारच असताना पाव कापायच्या दातेरी सुरीने कोरायचा. एकदम मोठा तुकडा उडवू नका. पातळ पातळ पापुद्रे काढत जा, कारण काढलेला परत लावता येत नाही.

झाकायला गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण. डार्क कंपाउंड (बेकिंगचं चॉकलेट) २ भाग आणि फ्रेश क्रीम १ भाग. पांढरं चॉकलेट घेतलंत तर ३ ला १, तुमच्या हवेत ४ ला १. आदल्या रात्री करून बाहेरच ठेवा, सकाळी श्रीखंडाइतका घट्ट झाला की लावायला घ्या. पहिला हात पातळ, भुगा धरून ठेवण्यापुरता. तो सुकला की दुसरा जाड, आणि मग पट्टीने भिंती सरळ करायच्या. हा थर बसला की केकला कवच आलं असं समजा.

मोजपट्टी
मी केकवाला नाही, ड्राफ्ट्समन आहे. पण गाडी गाडीसारखी दिसते ती प्रमाणामुळे, म्हणून हिशेब देतो.

मोठी बस साधारण ११ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरा. १:२५ ला, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाला, ४४ × १० × १२ सेंमी. तुमच्या ओटीजीत ४४ सेंमीचा टिन जाणार नाही, म्हणून लांबी ४० वर आणा. ८ इंची चौकोनी टिनचा केक मधोमध कापला की २० × १० चे दोन तुकडे मिळतात. ते टोकाला टोक लावले की ४० × १० चा एक थर. असे ३ सेंमीचे तीन थर, मध्ये गनाश, म्हणजे साडेनऊ-दहा सेंमी उंची. खाली चाकांसाठी दीड सेंमीची जागा सोडा.

सांधे एकावर एक येऊ देऊ नका. मधल्या थरात एक २० चा तुकडा मधोमध ठेवा आणि दुसरा अर्धा करून दोन टोकांना लावा. नाहीतर उचलताना गाडी मधून दुमडेल.

वजन: तीन केक मिळून २ किलोच्या आसपास, वरून गनाश आणि लाल आवरण. ३ किलो झालं की ४० माणसांना प्रत्येकी ७५ ग्रॅम. जेवणानंतर तेवढं पुरतं.

न्यूजर्सीची_नणंद
मोजपट्टींना +१. माझी भर खालच्या पायाबद्दल. गाडी थेट बोर्डवर ठेवली की ती जमिनीत रुतल्यासारखी दिसते. ३८ × ८ चा एक कडक बोर्ड घ्या, त्याच्याखाली दीड सेंमी उंचीचे ठोकळे चिकटवा (लाकडी किंवा जाड थर्माकोल, वरून काळा फाँडंट किंवा फूड-ग्रेड कागद), आणि ते ठोकळे मोठ्या बोर्डला पक्के करा. केक त्या आतल्या बोर्डवर रचायचा. चाकं नुसती बाहेरून लावायची, वजन ठोकळ्यांवर. लांबून गाडी चाकांवर उभी दिसते.

इथे चाकं, बंपर असल्या गोष्टींना मार्शमेलो वितळवून त्यात मुरमुऱ्यासारखं सीरियल घालतात. पण मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते तुमच्या आजींना चालणार नाही. रेडिमेड फाँडंट घेतलंत तरी पाकिटावरची हिरवी खूण बघून घ्या.

टपावरून
चाकांना ओरिओ! १:२५ ला १ मीटरचं चाक ४ सेंमी होतं, ओरिओ जवळपास तेवढंच. मागच्या चाकांना दोन-दोन लावा, मागची जोडचाकं असतात.

घाटवळण
टपावरून, हे बाबांना इतकं आवडेल! ओरिओ नक्की.
मैद्याची_चाळणी ताई, गनाशवर लाल कसं आणू? फाँडंट पातळ लाटून लावलं तर चालेल?

मैद्याची_चाळणी
पातळ लाटलंत तर चालेल, पण घरी पांढऱ्या फाँडंटला लाल करायला जाऊ नका. गडद लाल यायला इतका जेल रंग लागतो की फाँडंट हाताला चिकटायला लागतं आणि जिभेवर कडवट उतरतं. तयार लाल पाकीट आणा.

पावसासाठी माझी पसंती मॉडेलिंग चॉकलेटला. पांढरं कंपाउंड ४ भाग वितळवायचं, कोमट झालं की १ भाग लिक्विड ग्लुकोज घालून हलक्या हाताने कालवायचं, गोळा जमला की थांबायचं. जास्त मळलं तर तूप सुटतं. क्लिंग फिल्ममध्ये रात्रभर ठेवा, सकाळी मळून लाटा. यात फाँडंटपेक्षा तेल बरंच जास्त, म्हणून फाँडंटसारखं हवेतलं पाणी ओढून पाझरत नाही. मुख्य म्हणजे खाताना चॉकलेटच लागतं, बाबांनी बाजूला काढायचं कारण नाही. रंग मात्र तेलातला हवा, आणि तो चॉकलेट वितळलेलं असतानाच, ग्लुकोजच्या आधी घालायचा. पाण्यातला जेल घातलात तर चॉकलेट फाटतं. पांढरं कंपाउंड मुळात पिवळट असल्याने लाल किंचित विटकरीकडे झुकतं. एसटीला ते शोभतंच.

चादरीसारखं एकसंध पांघरू नका. प्रत्येक बाजूचा कागदी नमुना कापा, त्या मापाचा तुकडा लाटून कापा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये कडक करा आणि भिंतीवर टेकवा. कडा आपोआप धारदार येतात.

रसायन_मॅडम
रंगाबद्दल थोडं बोलायलाच हवं. खाद्यपदार्थांत परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांची सर्वसाधारण मर्यादा १०० पीपीएम आहे, म्हणजे किलोला १०० मिलिग्रॅम. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ मध्ये २३५ केक तपासले तेव्हा १२ नमुन्यांत रंगांचा घोटाळा निघाला, आणि त्यात रेड व्हेल्व्हेटही होता. लाल आवरण २-३ मिलिमीटरपेक्षा जाड करू नका आणि आतला केक बिनरंगाचा ठेवा.

बीट सुचवायला कोणी येईल म्हणून आधीच सांगते: बिटाचा रस पाण्यातला, चॉकलेटमध्ये मिसळत नाही. त्याची पावडर घातली तर गुलाबी येतो, एसटीचा लाल नाही.

दुसरं, चमकी. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असलं म्हणजे ती खायची असते असं नाही. 'एडिबल' लिहिलेलं आणि आत काय आहे ते छापलेलंच घ्या. हेडलाइट आणि आरशांना आपला चांदीचा वर्ख लावा. २०१६ पासून वर्खात प्राणिजन्य काही वापरायला बंदी आहे, तेव्हा चांगल्या दुकानातला सीलबंद वर्ख आजींनाही चालेल.

खिडकीची_सीट
इतका वेळ कोणी गाडीबद्दल बोललंच नाही!

ताई, आधी बाबांच्या गाडीचा फोटो सगळ्या बाजूंनी काढून घ्या. लालपरी एकच नसते. जुन्या ॲल्युमिनियम बॉडीची वेगळी, नंतरच्या पोलादी बॉडीची वेगळी. महामंडळ गाड्या स्वतःच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत बांधत आलंय: पुण्याची दापोडी, छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीचं औरंगाबाद) चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. नंबरप्लेटवरूनही कळतं. एमएच १४ म्हणजे दापोडी, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे हिंगणा. बाबांची गाडी कुठल्या हातची ते प्लेटवर दिसेल, आणि ती प्लेट चुकवू नका. खिडकी एखादी कमी पडली तर कोणी मोजणार नाही, पण नंबर चुकला तर आगारातला प्रत्येक माणूस तिथेच बोट ठेवेल.

प्रवाशांचं दार डाव्या अंगाला, ड्रायव्हरचं स्वतंत्र दार उजव्या. काचेवरची पाटी मराठीत. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर धावली, कंडक्टर होते लक्ष्मण केवटे. तेव्हापासून गावागावात लोक गाडी ओळखतात ती त्या पाटीवरूनच. तुमची शक्ती चार जागी वाटू नका. पाटी, नंबर आणि समोरचा चेहरा, एवढं अचूक करा.

बदलापूरकर
आणि केक कापायच्या आधी डबल बेल! सिंगल दिलीत तर गाडी थांबेल आणि सगळे उपाशी.

क्रीमवाली_माई
बदलापूरकर, घंटेला दोरी कशाची?

बदलापूरकर
शेवयांची. तुपात भाजलेल्या.

अप्पा_संगमेश्वर
सर्वांचं वाचलं. कौतुक वाटलं. पण एक गोष्ट मनाला पटत नाही आणि ती सांगतोच.

मी स्वतः परिवहनात होतो, लेखाशाखेत. ड्रायव्हर माणूस दसऱ्याला गाडीला हार घालतो, नारळ फोडतो, स्टिअरिंगला हात लावायच्या आधी नमस्कार करतो. त्याच माणसाच्या हातात, निवृत्तीच्या दिवशी, सुरी द्यायची आणि सांगायचं की काप तुझी गाडी? अलीकडे किल्ल्यांचे केक बघतो, कुठे गणपतीचे. शिवनेरीच्या दरवाज्यावर सुरी फिरवताना लोक टाळ्या वाजवतात. मला ते बघवत नाही. मुलगी वडिलांसाठी एवढ्या प्रेमाने करतेय, म्हणून आधीच बोललो.

टपावरून
अप्पा, आदर ठेवून असहमत. केक खायसाठीच असतो. लहान मुलं आंब्याच्या, हत्तीच्या आकाराची साखरेची चित्रं खात आलीच आहेत. संक्रांतीला हलव्याचे दागिने बाळाच्या अंगावरून काढून खातातच ना? बस म्हणजे काही देव नाही.

अप्पा_संगमेश्वर
देव नाही हे मलाही मान्य. पण पस्तीस वर्षं जिने घर चालवलं तिला तुम्ही काय म्हणाल? गणपतीच्या केकबद्दल तरी बोला.

रसायन_मॅडम
गणपतीच्या केकबद्दल मी अप्पांच्या बाजूने आहे. मूर्तीचा आकार करून नाकापासून कापायला सुरुवात, हे मलाही नको वाटतं. किल्ल्याचं मात्र मी वेगळं मानते. दिवाळीत मातीचा किल्ला पोरं स्वतः करतात आणि स्वतःच मोडतात.

न्यूजर्सीची_नणंद
सगळे आकार कापायलाच हवेत असं नाही. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगमधून (कडक होणाऱ्या साखरेच्या लेपातून) मिलान कॅथेड्रलची १०० किलोंची प्रतिकृती उभी केली. ती बघायची कलाकृती. पण ताईंना चाळीस माणसांना वाढायचंही आहे, म्हणून दोन्ही साधायला हवं.

मैद्याची_चाळणी
अप्पांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला तोड आहे. गाडीच्या पुढे रस्ता करा. कोरताना निघालेले तुकडे आणि एक जादा ट्रे केक मिळून वळणदार घाट, वर डार्क गनाश, मध्ये पांढरी रेघ, कडेला पिस्त्याच्या चुऱ्याचं गवत. बाबा रस्ता कापतील. गाडीचे तुकडे नंतर स्वयंपाकघरात, मागच्या बाजूने.

अप्पा_संगमेश्वर
हे मान्य. मनापासून.

घाटवळण
अप्पाकाका, तुम्ही बोललात ते फार बरं झालं. आईलाही सांगितलं, तीही हेच म्हणाली. रस्ताच कापायचा. कुंभार्लीची वळणं मी डोळे मिटून काढू शकते.

आता दोन अडचणी. पाटीवरची मराठी अक्षरं कशी काढू? आणि खिडक्यांना काच हवी का?

मोजपट्टी
अक्षरांसाठी: हवं त्या मापात छापून घ्या, वर बटर पेपर टेकवा आणि बारीक तोंडाच्या कोनने वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटने गिरवा. शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढा, म्हणजे अक्षरं एकमेकांना धरून राहतात आणि शब्द अख्खा उचलता येतो. एक लक्षात ठेवा, सपाट बाजू कागदाकडची असते. ती वर हवी असेल तर छापताना उलटी प्रतिमा छापा.

मैद्याची_चाळणी
काच नको. आयसोमाल्टची (साखरेसारख्या पदार्थाची) काच पावसात चिकट होते, आणि जिलेटिनच्या शीट तुम्हाला चालत नाहीत. राखाडी-काळ्या मॉडेलिंग चॉकलेटचे चौकोन लावा, वर पायपिंग जेलचा (केकवर लावायच्या पारदर्शक जेलचा) पातळ हात. उजेडात काचेसारखे चमकतात. वेफर पेपर (खाता येणारा पातळ कागद) तर लावूच नका, दमट हवेत वितळून सुरकुततो.

टिकवण्याबद्दल: पूर्ण केक फ्रीजमध्ये ठेवायचाच झाला तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा. बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका. दोन-तीन तास तसंच राहू द्या. दव खोक्यावर धरतं, केकवर नाही. आतमध्ये टूथपिक किंवा तार कुठेही वापरू नका, घरात लहान मुलं असतील. आधार हवाच तर जाड स्ट्रॉ, आणि कापणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

क्रीमवाली_माई
वीज गेली तर?

मैद्याची_चाळणी
कंपाउंडचं गनाश आणि मॉडेलिंग चॉकलेट दोन्ही बाहेर नीट राहतात. म्हणूनच क्रीम नको म्हटलं, माई. आत फळं किंवा क्रीमचा थर घालायचा मोह टाळा, फक्त गनाश.

खिडकीची_सीट
ताई, टपावर कॅरिअर आणि मागे शिडी असेल तर तीही करा. जुन्या गाड्यांची शिडी बघितली की गणपतीला गावी जाणारी अख्खी मुंबई डोळ्यापुढे येते.

घाटवळण
मंडळी, ३० जून पार पडला!

धो धो पाऊस होता. बाबा कराडहून गाडी घेऊन आले तेव्हा हारातली झेंडूची फुलं भिजून जड झाली होती. संध्याकाळी केक बाहेर आणला. बाबांनी आधी वाकून नंबरप्लेट वाचली. मग मागे गेले, मागची जोडचाकं बघितली आणि आगारातल्या मेकॅनिककाकांना हाक मारली, "अरे, डबल टायर पण केलेत बघ." बराच वेळ दोघं वाकून गाडी तपासत होते.

केक कंडेन्स्ड मिल्कचा चॉकलेट, लाल आवरण मॉडेलिंग चॉकलेटचं. रंग विटकरीच आला आणि तोच बरोबर दिसला. वीज दुपारी गेली होती, पण भिंती हलल्या नाहीत. डाव्या बाजूचा आवरणाचा एक तुकडा खालून किंचित सुटला, तिथे वितळलेल्या चॉकलेटची रेघ भरली की झालं. हेडलाइटचा वर्ख सगळ्यात सुंदर दिसला, मॅडम. शिडी केली, शेवयांची घंटेची दोरीही केली, आणि भाच्याने डबल बेल दिली!

बाबांनी रस्त्याचं पहिलं वळण कापलं. गाडी रात्री उशिरा स्वयंपाकघरात कापली. पुढचा भाग मात्र त्यांनी कापू दिला नाही, तो डब्यात आहे. आवरणासकट दोन तुकडे खाल्ले त्यांनी, काही बाजूला काढलं नाही.

अप्पा_संगमेश्वर
वडिलांना माझा नमस्कार सांग. निवृत्तीवेतनाची कागदपत्रं पहिल्याच महिन्यात पुरी करून घ्यायला सांग.

टपावरून
अप्पा, तुमचंच बरोबर होतं. पुढचा भाग कापला गेला नाही यातच सगळं आलं.

मोजपट्टी
फोटो टाका. सांधे कुठे आलेत ते बघायचंय.

शेतकरीण_बार्शी
आत्ताच सगळा धागा वाचून काढला. माझ्या मुलाला ट्रॅक्टरचा केक हवाय, नोव्हेंबरमध्ये. आमच्याकडे हवा कोरडी. तिथे फाँडंट चालेल की तडे जातील? आणि मागची मोठी चाकं कशाची करू, ओरिओ लहान पडतं.

मैद्याची_चाळणी
चालेल, पण कोरड्या हवेत उघडं ठेवलंत तर तडे जातात. झाकून लाटा, हाताला किंचित तूप लावा. मोठ्या चाकांना केकचा चुरा गनाशमध्ये मळून वाटीने गोल कापा, फ्रीजमध्ये कडक करा, मग काळं आवरण. वेगळा धागा काढा, तिथे मापं देते.